मयत उतरवायला वाट ठेवा

प्रति,
लालबाग, परळ, शिवडी, नायगाव आणि वरळी भागांतल्या पुनर्विकास झालेल्या व होत असलेल्या इमारतींचे अध्यक्ष, सचिव आणि कमिटी सदस्य,

सप्रेम नमस्कार.

लालबागला माझं मयताच्या सामानाचं दुकान आहे. बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या, कोरं कापड, तुळशीची माळ, गुलाल, बुक्का, काळे तीळ, तूप, कापूर. सवाष्ण गेली असेल तर हिरवं लुगडं आणि चुडा. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, वर्ष उलटलं तरी कामाचा पत्ता नव्हता, तेव्हा त्यांनी फुटपाथवर बांबू आणि मडकी मांडली. मी सातवीत होतो. तेव्हापासून तिरडी बांधतो आहे. सामान विकणं हा आमचा धंदा. पण मयताच्या घरी जाणं, डॉक्टर शोधणं, शववाहिनी बोलावणं, स्मशानात कागद करणं, तिसऱ्या दिवशी राख सावडायला सोबत जाणं, याचे पैसे वडिलांनी कधी घेतले नाहीत आणि मीही घेत नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या आजोबांना आमच्याच दुकानातलं मडकं गेलं आहे. त्या ओळखीवर हे पत्र लिहितो.

माझं म्हणणं एकच आहे. तुमच्या इमारतीत माणसं राहायला आली, म्हणजे तिथे माणसं मरणारही आहेत. मेलेल्या माणसाला घरातून गेटपर्यंत नीट नेता येईल अशी वाट इमारतीत ठेवा, आणि रात्री तीन वाजता ती वाट कोण उघडून देणार हे आजच ठरवा.

लिहायला बसलो त्याला कारण गेल्या आषाढातली एक रात्र. पहाटे साडेतीनला फोन आला. बाविसाव्या मजल्यावरच्या आजी गेल्या होत्या. गिरणी कामगाराची बायको, वय ऐंशीच्या पुढे. अकराच्या सुमारास प्राण गेला आणि साडेतीनपर्यंत घरची माणसं दाखल्यासाठी डॉक्टर शोधत होती. मी सामान घेऊन पोचलो. तिरडी सात फुटांची, माणसांची लिफ्ट आत जेमतेम चार फूट. मोठी लिफ्ट आहे, पण तिला कुलूप. चावी सुपरवायझरकडे, सुपरवायझर लांब दिवा स्टेशनकडे राहणारा आणि त्याचा फोन बंद. जिन्याने उतरवायचं तर बावीस मजले आणि आम्ही पुरुष माणसं चार, त्यातला एक साठीचा आणि एक बायपास झालेला.

मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, आईला खुर्चीत बसवून न्यायचं का?" दुसरा मार्ग नव्हता. मान आणि हात ताठले होते, पाय अजून वळत होते. घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, त्यांच्याच लुगड्याने छातीपाशी आणि कमरेपाशी बांधलं. तोंडावर पदर घेतला. लिफ्टमध्ये मी खुर्ची धरली आणि मुलाने दोन्ही तळव्यांनी आईचं डोकं मागून धरून ठेवलं. चौदाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं. बाहेर एक तरुण बॅग घेऊन उभा होता, विमानाला निघालेला असावा. त्याने एकदा आत बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. दार बंद होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मुलाची मान खाली गेली ती तळमजल्यापर्यंत वर आली नाही. ज्या आईने त्याला खानावळीची पोळपाट-लाटणी झिजवून वाढवलं, तिला नेताना त्याला चोरासारखं वाटावं, अशी वेळ आपण त्याच्यावर आणली.

खाली आल्यावर वॉचमन म्हणाला, लॉबीत ठेवायची परवानगी नाही, मागच्या गेटला घ्या. मागच्या गेटला एका बाजूला जनरेटर आणि दुसऱ्या बाजूला कचऱ्याच्या पेट्या. पाऊस धो धो. कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स चौघांनी डोक्यावर धरला, त्याखाली मी तिरडी बांधली. आजींच्या सुनेला सासूच्या तोंडात पाणी घालायचं होतं, तर पावसाचंच पाणी तोंडावर पडत होतं.

इमारतीचं नाव लिहीत नाही. वॉचमनचा दोष नाही, त्याला जे सांगितलं होतं तेच त्याने केलं. कमिटीतली माणसंही मी ओळखतो, वाईट नाहीत. सकाळी त्यातले दोघे स्मशानात आले होते. गोष्ट एवढीच की इमारत बांधताना आणि ताब्यात घेताना हा विषय कुणी काढलाच नव्हता. पार्किंगवर चार सभा झाल्या, जिमवर झाल्या, गणपती कुठे बसणार यावर झाली. मयतावर एकही नाही. आणि असं फक्त त्या इमारतीत घडलेलं नाही. गेल्या काही वर्षांत खुर्चीत बसवून, गादीत गुंडाळून, एकदा तर एका उंच्यापुऱ्या माणसाला चादरीत उभं धरून मी खाली आणलं आहे.

तुम्ही म्हणाल, चाळीत काय मोठी सोय होती? नव्हती. लालबागच्या चाळींचे लाकडी जिने इतके अरुंद की वळणावर तिरडी उभी करावी लागायची. खालचे दोघे हात डोक्याच्या वर नेऊन धरायचे, वरचे दोघे गुडघ्यावर बसायचे आणि "हळू, हळू, डोकं सांभाळ" म्हणत एकेक पायरी उतरायची. म्हणून छाती, कंबर, गुडघे असे तीन फास घट्ट घालायला वडिलांनी मला शिकवलं. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मयत ठेवलं की घरातल्यांनाच गॅलरीत उभं राहावं लागायचं. त्या खोल्यांतून माणसं ५०० फुटांच्या घरात गेली याचा मला मनापासून आनंद आहे. १४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा त्यात माझी मावसबहीण होती. चाळीस मजल्यांच्या इमारतीत स्वतःचा संडास, स्वतःचं बाथरूम. पंचावन्न वर्षं तिने रांग लावली होती. चाळीत सगळं बरं होतं असं म्हणणारा मी नव्हे. बायकांनी स्मशानात यायचं नाही हा नियमही चाळीचाच होता. आता मुली मडकं धरतात, अग्नी देतात, आणि ते नव्या इमारतींतच जास्त दिसतं.

पण चाळीत हात होते. माणूस गेला की दहा मिनिटांत गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं जायचं, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." खाली अंत्ययात्रेची वेळ. कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावाचं मंडळ असायचं, महिन्याची वर्गणी असायची. मंडळाचा माणूस सगळ्यांच्या आधी हजर, सामानाचे पैसे फंडातून. शेजारीण चहाचं भांडं चढवायची कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. नव्या इमारतीत तीच माणसं आहेत, पण एकमेकांपासून दारांनी तोडलेली. तीन घरं सोडून कुणी गेलं तर व्हॉट्सअॅपवर हात जोडल्याचं चित्र येतं आणि माणूस घरातच राहतो. मी त्याला निर्दय म्हणणार नाही. जावं की नको, गेलो तर काय करायचं, हे त्याला कुणी दाखवलंच नाही.

मेलेल्यांना वस्तीपासून लांब सरकवण्याचा प्रयत्न मुंबईत जुनाच आहे. चंदनवाडीकडच्या सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवायचं इंग्रज सरकारच्या मनात होतं. जगन्नाथ शंकरशेठ विरोधात उभे राहिले आणि ती तिथेच राहिली. दादरच्या स्मशानभूमीला भागोजी बाळूजी कीर यांचं नाव आहे. रत्नागिरीकडून आलेला गरीब घरचा मुलगा, बांधकामात कष्ट करून मोठा ठेकेदार झाला आणि त्याने लोकांसाठी स्मशानभूमी उभारली. या दोघांनी शहराच्या मध्यभागी मेलेल्यांसाठी जागा राखली. तुमच्याकडे मी दहा बाय पंधराची जागा मागतो आहे, तीही वर्षातले काही तासच.

ती जागा कशी हवी ते सांगतो. लॉबीला लागून असली तर उत्तम, नाहीतर पोडियमखाली, म्हणजे इमारतीच्या उंचावरच्या अंगणाखाली, पण पुढच्या गेटच्या बाजूला. वर छप्पर हवं. नळ आणि पाणी जायला मोरी हवी, कारण काही घरांत आंघोळ खाली घालतात. शववाहिनी पाठीमागून लागेल एवढी मोकळीक हवी. चार-पाच खुर्च्या, म्हाताऱ्या बायकांना बसायला. एक दिवा जो रात्री खरंच लागतो. बाकीच्या दिवशी मुलांनी तिथे कॅरम खेळावा. चाळीच्या अंगणात आम्हीही तेच करायचो, ज्या फरशीवर सकाळी तिरडी होती तिथे संध्याकाळी लगोरी.

लिफ्टचं म्हणाल तर ज्यांची इमारत अजून कागदावर आहे त्यांनी बिल्डरशी बोलताना स्ट्रेचर आडवं जाईल अशी एक लिफ्ट प्रत्येक विंगला लिहून घ्यावी आणि ताबा घेताना स्वतः मोजावी. नकाशात ती असते. ताब्यानंतर पुष्कळदा तिच्यात फर्निचर आणि सिमेंटच्या गोण्या फिरतात, लादीला ओरखडे पडू नयेत म्हणून प्लायवूड ठोकतात आणि आत चार इंच जागा कमी होते. चार इंचांनी काय होतं ते मी बघितलं आहे. जी लिफ्ट मयताला लागते तीच हार्ट अटॅक आलेल्याला जिवंत खाली आणायला लागते, हे तर तुम्हाला सांगायला नको. चावी वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी. घरी नेऊ नका.

आता डॉक्टर. माणूस घरीच वारला तर स्मशानात मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो. हॉस्पिटलमध्ये गेलेल्यांना नमुना ४, घरी गेलेल्यांना नमुना ४-अ. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे की शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने हा दाखला फी न घेता द्यायचा. पण पूर्वीसारखा फॅमिली डॉक्टर उरला कुठे? उपचार मोठ्या हॉस्पिटलात, तिथला डॉक्टर घरी येत नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पेशंटला कधी पाहिलेलं नसतं. रात्री दोन वाजता त्याने कशाच्या भरवशावर सही करावी? मी डॉक्टरांवर रागावत नाही. मात्र दाखला मिळाला नाही की पोलीस, अकस्मात मृत्यूची नोंद, शवविच्छेदन. नव्वद वर्षांच्या, झोपेत गेलेल्या आजोबांची चिरफाड करायची वेळ येते आणि घरातल्यांचे हुंदके मी ऐकतो.

यावर उपाय आहे आणि तो इमारतीतच होतो. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांनी जवळच्या एका डॉक्टरला महिन्यातून एकदा घरी बोलवावं, फाइल दाखवावी, त्याच्याकडे नोंद राहू द्यावी. पुष्कळ टॉवरमध्ये दोन-तीन डॉक्टर राहतातच. कमिटीने त्यांच्याशी आधीच बोलावं, रात्री उठवलं तर याल का म्हणून विचारावं. मी अनुभवाने सांगतो, आधी मान देऊन विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. ऐनवेळी अनोळखी माणसाने बेल वाजवली की दार उघडत नाहीत.

डॉक्टर येईपर्यंत घरच्यांनी नुसतं बसून राहू नये. गेल्यावर दोन-तीन तासांत जबडा आणि मान ताठायला लागते, मग हात, शेवटी पाय. म्हणून पहिल्या तासातच डोळे मिटा, हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर बांधा, हातपाय सरळ करा, पायांचे अंगठे एकत्र बांधा. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पंखा बंद करा, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी द्या. पेसमेकर बसवलेला असेल तर मला आणि स्मशानातल्या माणसाला नक्की सांगा, तो काढावा लागतो, भट्टीत फुटतो. देहदान ठरलं असेल तर केईएमसारखं रुग्णालय इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथेही डॉक्टरचा दाखला लागतो, आणि घरातल्या सगळ्यांना त्या माणसाची इच्छा आधीपासून माहीत हवी. ऐनवेळी दोन भावांचं भांडण झालं की मयत तसंच राहतं.

नावाचं एक सांगायचं राहिलं. स्मशानात जे नाव लिहून देता तेच पुढे मृत्यूच्या दाखल्यावर येतं. आपल्या बायकांची अडचण मोठी. रेशनकार्डावर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, चाळीत सगळे तिसऱ्याच नावाने हाक मारत होते. दुःखात कुणीतरी हाकेचं नाव लिहून देतं आणि मग पेन्शन, बँक, खोलीची कागदपत्रं, सगळं अडतं. एका घराला मी स्वतः वॉर्ड ऑफिसला सात खेपा घालताना बघितलं, एका वेलांटीसाठी. आधार कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर बघून लिहा.

सगळ्यात जास्त काळजी मला एकट्या राहणाऱ्यांची वाटते. पुनर्विकासात घर मिळालं, मुलगा पुण्याला किंवा परदेशात, नवरा गेलेला, आणि अठराव्या मजल्यावर एक म्हातारी. चाळीत सकाळी दार उघडलं नाही तर आठ वाजता कुणीतरी कडी वाजवायचं. अशा एका बाईंकडे मला बोलावलं तेव्हा त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. दुधाच्या दोन पिशव्या दाराला लटकत होत्या आणि त्या पिशव्यांवरून किती माणसं गेली-आली असतील. मुलाने व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं, मंत्राग्नी मी दिला. त्याचं रडणं फोनमधून ऐकू येत होतं आणि फोन धरलेला पोरगा, माझ्या दुकानातला, तोही रडत होता. तुमच्या इमारतीत असे किती जण आहेत त्याची वही करा. जवळच्या दोन नातेवाइकांचे नंबर, चालू औषधं, डॉक्टरचं नाव, जादा चावी कुणाकडे. रोज सकाळी दूध उचललं का एवढं वॉचमनने बघितलं तरी खूप.

आणि गेट. मयताला माणसं डोंबिवलीहून, विरारहून, नालासोपाऱ्याहून येतात, कारण चाळ सुटल्यावर निम्मी माणसं तिकडे गेली. पहिली लोकल पकडून सत्तरीचा भाऊ येतो आणि गेटवर त्याला, ज्या घरी जायचं त्यांच्या मोबाइलवर आलेला नंबर विचारतात. जिने तो सांगायचा ती बहीण वर तिरडीवर आहे. त्या दिवशी चार तास गेट मोकळं ठेवा. एका सदस्याने तिथे उभं राहावं, येणाऱ्याला मजला सांगावा, पाण्याचा ग्लास द्यावा.

मार्च २०२० नंतरचे महिने आठवतात ना? पाचच माणसं, तीही लांब उभी. बंद पिशवीतलं तोंड न बघता लेकरांना परत जावं लागलं. तेव्हा इलाज नव्हता. आता आहे, आणि तरीही आपण माणसाला जनरेटरच्या मागून घाईघाईने काढतो, याचं मला फार वाईट वाटतं.

होऊ शकतं हेही सांगतो. नायगावच्या बाजूला एका इमारतीच्या सचिवांनी दोन वर्षांपूर्वी माझ्याशी बसून हे सगळं केलं. निवृत्त शिक्षक होते. पोडियमखालच्या कोपऱ्यात पत्रे टाकले, नळ घेतला, लिफ्टच्या चावीला लाल फीत बांधून केबिनमध्ये लटकवली, नंबरांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला. सभेत एक-दोघांनी अपशकुन म्हणून विरोध केला. ते म्हणाले, मग माझ्यापासून सुरू करू. जानेवारीत त्यांनाच न्यावं लागलं. सतराव्या मजल्यावरून ते आडवे, नीट झोपलेले उतरले. खाली तिरडी तयार होती, बाजूला खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या. विरोध करणाऱ्यांतला एक जण गेटवर उभा राहून लोकांना पाणी देत होता. मुलीने मडकं धरलं. गेटपाशी विसावा झाला, खांदे बदलले, आणि इमारतीतली वीस-पंचवीस माणसं गाडीमागून भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत चालत आली.

तुमच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा अशी विनंती आहे. मी येईन. सोबत मोजायची टेप आणि सात फुटांचा बांबू आणेन, तुमच्या सगळ्या लिफ्टमध्ये आडवा घालून बघू. जागा कुठली बरी पडेल तेही तिथेच ठरवता येईल. रविवारी सकाळी बहुतेक जण घरी असतात, तेव्हाची वेळ कमिटीने कळवावी.

आपला,
लालबागचा एक मयताच्या सामानाचा दुकानदार